आधी कुणी जायचं

महिन्याचा पहिला रविवार आला की आदल्या दिवशी दुपारी माझ्या घरात काळ्या मनुका उकळायला लागतात. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाचा द्राक्षरस बाटलीतून येत नाही. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, पुरणयंत्रातून काढायच्या आणि जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळायच्या. हे काम पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. निवृत्त शिक्षिका, लग्न केलं नाही, मागे कुणी नाही, मग हिला वेळच वेळ असणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, आणि मीही नाही म्हटलं नाही. पावाचे चौकोनी तुकडेही मीच कापते, कडा काढून. स्वतःचं कौतुक करू नये, पण माझ्या हातचा रस कधी आंबला नाही.

आणि हाच रस मी स्वतः सहा वर्षं तोंडाला लावला नाही.

बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगते. भाकर मोडायच्या आधी आमचे पाळकसाहेब दोन मिनिटं थांबतात. म्हणतात, कुणाचा कुणाशी अबोला असेल तर आधी तो मिटवा, मग प्रभूच्या या मेजाजवळ या, म्हणजे पाव आणि रस घ्या. मोठ्या शहरांत ही दोन मिनिटं नुसतीच निघून जातात म्हणे. आमच्याकडे नाही. जळगाव काही एवढं मोठं नाही आणि जळगावातले ख्रिस्ती तर मोजकेच. कोणती जाऊ कोणत्या जावेशी बोलत नाही, हे सगळ्यांना पाढ्यासारखं पाठ. तबक रांगेतून फिरायला लागलं की सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि तरी कुणी तुकडा उचलला आणि कुणी तबक नुसतं पुढं सरकवलं हे सगळ्यांना दिसतं. मी पुढं सरकवायची. मान ताठ ठेवून.

कारण सगळ्यांना माहीत होतं. माझी थोरली बहीण धुळ्याला असते. आई शेवटची सात वर्षं तिच्याकडे होती, त्यातली दोन अंथरुणावर. आई गेली आणि बहिणीने मला न कळवता त्याच दिवशी माती देऊन टाकली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा कबरस्तानात ताजा ढिगारा होता आणि त्यावरची झेंडूची फुलंसुद्धा सुकली होती. लेक असून मला आईच्या कबरेवर मूठभर माती टाकता आली नाही. तेव्हापासून आमचा अबोला. मी सगळ्यांना हे असंच सांगितलं होतं, इतक्या वेळा की शब्दसुद्धा बदलायचे नाहीत.

लोक हळहळायचे. पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, त्यांनी तर एका महिला मेळाव्यात माझं उदाहरण दिलं. म्हणाल्या, मनात राग घेऊन मेजाला हात लावत नाही ही बाई, याला म्हणतात वचनाप्रमाणे चालणं. मला ते फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू? घरी येऊन मी ते वाक्य स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिलं, कारण दुसरं कुणी ऐकायला नव्हतंच.

एकटीच्या घराचं काय सांगायचं? दोन खोल्या, पुढं जाळीचं दार. आमच्या खानदेशात भरिताचं वांगं म्हणजे दोन हातांत धरावं एवढं. भरीत ही खरं तर शेतावर दहा जणांनी बसून खायची वस्तू. पण जीभ ऐकत नाही. बाजारात उभी राहून मी सगळ्यांत लहान वांगं शोधते, भाजीवाली म्हणते, बाई, एवढ्यानं काय होणार घरच्यांचं? मी पैसे मोजून देते. मग ते भरीत सकाळी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसऱ्या वेळेला त्याची चवच जाते.

रविवारी उपासना सुटली की अंगणात सगळे कुटुंबाकुटुंबाने उभे राहतात. बायका माझ्याजवळ येतात, आमच्या पद्धतीप्रमाणे सलाम करतात, म्हणतात, या ना बाई कधी घरी. हा 'कधी' मोठा बेरका शब्द आहे. मंगळवारी या, असं आजवर एकीनं म्हटलं नाही. दोष त्यांचा नाही. माझी जीभ म्हणजे पट्टी. बत्तीस वर्षं चौथीच्या पोरांवर चालवली ती निवृत्तीनंतर थोडीच म्यान होणार? कुणाच्या करंज्या तेलकट आहेत, कुणाचं पोरगं शब्द गाळून गातं, मी तोंडावर सांगते. मग एकटी घरी येते आणि कुकरमध्ये एक वाटी भात लावते.

आठवड्यात माझ्या घरात आवाज व्हायचा तो गुरुवारी. दुपारी तीनला बायकांची प्रार्थना माझ्याकडे असायची. सात-आठ जणी. शुभवर्तमानातली एक गोष्ट घ्यायची, वाचायची आणि ती आपल्या रोजच्या जगण्याला लावायची, अशी आमची पद्धत. लावायचं काम माझं. आणि मी ती बरोब्बर दुसऱ्यांना लावायची. सुनेचा छळ करणारीला देवळात स्वतःचीच बढाई मारणारा परूशी, नवऱ्यामागे भुणभुण लावणारीला न्यायाधीशाचा पिच्छा पुरवणारी विधवा. ज्याचं माप त्याला. माझ्या मापाचं काही निघायचं नाही.

या बायकांत एक असोद्याहून यायची. केळीच्या बागांत मजुरीला जाणारी, चाळिशीची, तिच्या घरात ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी ती एकटीच. अक्षरं तिला मीच शिकवली, दोन वर्षं, गुरुवारी प्रार्थनेआधी तासभर. ती शब्दाखाली बोट ठेवून वाचायची आणि बोटाखालून शब्द सुटला तर मागे येऊन परत पकडायची. आणि गोष्ट ऐकून घ्यायची नाही, तिला प्रश्न पडायचे. पेरणाऱ्याची गोष्ट घेतली तर म्हणाली, हा शेतकरी कोण्या गावचा? कपाशीचं एक बी सांडलं तरी सासू उचलायला लावते, आणि हा वाटेवर काय, खडकावर काय, फेकतच सुटलाय. एका हरवलेल्या मेंढरासाठी मेंढपाळ बाकीची सोडून जातो, त्या गोष्टीच्या वेळी तिला पाठीमागच्या नव्व्याण्णवांची काळजी. सगळ्या हसायच्या. मी पट्टीनं मारल्यासारखं उत्तर द्यायची आणि मनातून मात्र खूश असायची, कारण शाळा सुटल्यापासून मला प्रश्न विचारणारं ते एकच माणूस होतं.

हरवलेल्या नाण्याची गोष्ट घेतली तेव्हाचं मला आठवतं. ती बाई दिवा लावते, घर झाडते, नाणं सापडतं, आणि मग शेजारणींना बोलावून आनंद करते. मी काही हरवलं आणि ते सापडलं तर कुणाला बोलावू, असं एकदम मनात आलं. तो विचार मी बोधात घेतला नाही. देवाच्या आनंदाविषयी बोलून मोकळी झाले.

मग तो गुरुवार आला. उतारा मीच निवडला होता. डोंगरावरच्या शिकवणीतला, वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाचा. दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. दर वर्षी एकदा तरी मी हा उतारा घ्यायची, कारण त्यात मी चांगली दिसायची. दोन ओळींत उतारा संपवायचा आणि उरलेला वेळ आपलं पुराण सांगायचं. माझ्या बहिणीविषयी माझ्या मनात दुखणं आहे, म्हणून मी मेजाजवळ जात नाही, इथपर्यंत आलं की एखादी डोळे पुसायचीच.

वाचायची पाळी असोद्याच्या बाईची होती. तिने बोट ठेवलं आणि सुरू केलं. वेदी झाली, दान झालं. पुढं तिने एकेक शब्द सोडवत वाचलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, असं तुला तिथं आठवलं तर.

मी म्हटलं, नीट वाच. तुझ्या मनात भावाविषयी काही आहे, असं आहे ते. शब्दांची उलटापालट करू नकोस.

तिने बोट मागे नेलं. परत वाचलं. परत तेच. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं की एवढं शिकवून काय उपयोग झाला, आण इकडे. पुस्तक ओढून घेतलं, चष्मा चढवला. आणि पाहिलं तर भावाच्या मनात. तुझ्याविषयी.

लहानपणी पहूरला वडिलांच्या मांडीवर बसून मी तो उतारा पाठ केलेला. नंतर रविवारच्या शाळेत मुलांना शिकवला, बायकांना किती वेळा सांगितला त्याची गणतीच नाही. आणि प्रत्येक वेळी डोळ्यांनी तेच अक्षर पाहून मी उलटं वाचत आले. चौथीच्या पोराच्या वहीत मी काना-मात्रा पकडायची. इथं माणसंच्या माणसं बदलून टाकली होती आणि मला पत्ता नव्हता.

असोद्याची बाई माझ्याकडे बघत होती. तिला कसलं काय ठाऊक? तिला आपला साधा प्रश्न पडला होता.

"बाई, मंग आधी जायाचं कोनं? जिचं दुखलं तिनं, का जिच्यामुळं दुखलं तिनं?"

मी म्हटलं, आज डोकं दुखतंय, प्रार्थना करून सुटी देऊ. शेवटची प्रार्थना तिलाच करायला लावली. सगळ्या गेल्या. कुणी चहाचे कप विसळून पालथे घालून गेली होती, ते मी परत विसळले.

आता जे सांगायचं ते सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना शिकवली, पण ती माझ्यासाठीच केली असावी.

माझ्या बहिणीने मला कळवलं होतं. आई गेली त्या दिवशी सकाळी दहापासून माझा फोन वाजत होता. मी घरीच होते, गुरुवारच्या बोधाची तयारी करत होते. विषय काय होता ते सांगत नाही, तुम्ही हसाल. तीन दिवसांपूर्वीच आमचं वाजलं होतं. बहिणीची कंबर धरली होती. तिने म्हटलं, पंधरा दिवस ये, आईची कूस बदलायला दोन माणसं लागतात. मी म्हटलं, सुटीतले मुलांचे बायबल वर्ग माझ्यावर आहेत, देवाचं काम टाकून कशी येऊ? ती म्हणाली, आईसुद्धा देवाचीच आहे. मी फोन ठेवून दिला.

म्हणून त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं, झालं, परत रडगाणं सुरू. उचलला नाही. थोड्या वेळानं परत वाजला. मी त्याच्याकडे पाहत बसले. टेबलावर तो थरथरत काठापर्यंत आला, तेव्हा उचलून उशीखाली ठेवला. उशीखालूनही वाजताना कळत होतंच. संध्याकाळी पाचला पाहिलं तर अकरा वेळा वाजून गेला होता. मी लावला तेव्हा तिच्या शेजारणीनं उचलला आणि म्हणाली, तुमच्या आईची माती झाली, आताच सगळे परत आले.

मे महिना होता. धुळ्याच्या उन्हात प्रेत ठेवता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी दुसऱ्या दिवशी कबरस्तानाच्या फाटकाशी, चार माणसांत, मी बहिणीवर ओरडले की तुला एक दिवस थांबता आलं नाही का. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याला भिऊन मी उलट्या पावली जळगावची गाडी धरली आणि वाटेतच, एरंडोल यायच्या आत, ठरवून टाकलं की मला कुणी कळवलंच नव्हतं.

सहा वर्षं तेच सांगितलं. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं होतं. आता त्या एका ओळीनं सगळं उलटं केलं. माझ्या मनात काय आहे हा प्रश्नच नव्हता तिथं. तिच्या मनात काय आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

लगेच उठून गेले असं नाही. तेवढी शूर मी नाही. तीन आठवडे घालवले. मध्ये पहिला रविवार आला. मनुका उकळल्या, पाव कापला, दोन मिनिटं झाली, तबक आलं. या वेळी ते पुढं सरकवण्याच्या घाईत एक तुकडा खाली पडला. शेजारच्या म्हातारीनं तो उचलला आणि माझ्याकडे बघून असं हसली की जणू मला फारच दुःख आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन रडले, आणि रडताना कुणी ऐकेल म्हणून दार लावायला गेले, तर ऐकायला होतं कोण?

मंगळवारी सकाळी धुळ्याची एसटी पकडली. हातात केळी, जळगावहून जाणारा दुसरं काय नेणार? जन्मभर शिकवायच्या आधी पाठाचं टाचण काढलं, तसं याचंही काढलं होतं, वहीच्या पानावर, मुद्दे घालून. आधी अबोल्याचा विषय, मग माझी चूक, मग क्षमा. पारोळ्यापर्यंत ते तीनदा वाचलं. तिने दारातूनच हाकललं तर काय करायचं, याचा मुद्दा मात्र सुचला नव्हता. मला या जगात तीच एक उरली होती. तिनं नाही म्हटलं तर मग कुणीच नाही, हे त्या दोन तासांत मला पहिल्यांदा नीट कळलं.

बहीण धुळ्यातल्या देवपुरात राहते. मेव्हणे जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नाशिकला नोकरीला. म्हणजे तीही एकटीच. हे मला ठाऊक होतं, पण तिच्या गल्लीत शिरेपर्यंत मी ते कधी मनात आणलं नव्हतं.

ती अंगणात खाटेवर ओलं धोतर पसरून ज्वारीच्या बिबड्या घालत होती. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे पापडच, शिजवलेल्या पिठाचे, उन्हात वाळवायचे. केस पार पांढरे झालेले. पाठीत वाकली होती. मला बघून तिने वाटीतलं पाणी हाताला लावलं, हातातली बिबडी थापून पूर्ण केली आणि मगच बोलली.

"आलीस? बस. त्या कडेच्या वाळल्यात, त्या उलट."

मी केळी ठेवली आणि उलटायला लागले. दुसरं करणार काय? टाचण पिशवीतच राहिलं. पंधरा-वीस उलटून झाल्यावर धीर करून म्हटलं की अक्का, आपला सहा वर्षांचा अबोला आहे, तो मिटवायला मी आले आहे. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला जणू समजलंच नव्हतं.

"कसला अबोला? अबोला धरायला आधी बोलणं असावं लागतं. तू बोलत कधी होतीस?"

रागानं नाही म्हणाली. हिशोबातली चूक दाखवावी तसं म्हणाली. पुढं सांगत गेली, हात चालूच. आई गेल्यावर पहिल्या नाताळाला तिने मला फोन केला होता, मी उचलला नाही. दुसऱ्या नाताळालाही. मग तिचे गुडघे गेले, मग मोतीबिंदू झाला, मग राहूनच गेलं. मी येत नाही, फोन करत नाही, यात तिला नवीन काहीच वाटलं नव्हतं. कबरस्तानात ओरडले तेही तिने मनावर घेतलं नव्हतं; आई गेलेल्या माणसाचं काय धरायचं, म्हणाली. मी महिन्यामागून महिने मेजाजवळ गेले नाही, मंडळीभर त्याचा बोभाटा झाला, आणि जिच्यासाठी हे सगळं, तिला पत्ताच नव्हता, असं मला तेव्हा वाटलं. तिला वाटलं होतं, मी आपली अशीच.

याहून तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. ऊन वर आलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पदरानं न पुसता तशीच बिबड्या उलटत राहिले. मग ज्यासाठी आले होते ते विचारलं. म्हटलं, तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का?

पिठाचं भांडं संपत आलं होतं, ते तिने बोटानं निपटलं.

"शे," ती म्हणाली. धुळ्यात राहून तिच्या बोलण्यात 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' कधीच झालं होतं. "तू आली नाहीस याचं काही नाही. येणं तुझ्यात नाही, ते आईलाही माहीत होतं. पण तीन वाजता पाळकांनी विचारलं, धाकटीसाठी थांबायचं का. आई समोर होती, बर्फाच्या लादीवर. मी म्हणाले, तिचा फोन बंद शे. बंद फोन वाजत नाही, एवढं मला कळतं. आईसमोर तू मला खोटं बोलायला लावलंस. तेवढं एक मनात शे."

मी म्हटलं, तू का बोललीस? वाजतोय पण उचलत नाही, असं सांगायचं होतंस. ती म्हणाली, आणि लोकांनी तुला काय म्हटलं असतं?

मला वाटलं, झालं एवढंच. पण ती थांबली नव्हती. दोन वर्षांमागे अमळनेरला एका लग्नात तिला आमच्या पाळकबाई भेटल्या होत्या. त्यांनी बाजूला घेऊन तिला चांगलंच सुनावलं, की सख्ख्या बहिणीला आईच्या मातीला बोलावलं नाहीत, ती बिचारी मेजाजवळसुद्धा येत नाही. तेव्हा तिला कळलं मी जळगावात काय सांगत फिरते ते.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणाले, घाईत राहून गेलं, माझी चूक झाली." तिने हात धुतले, पदराला पुसले. "दोनदा बोलले तुझ्यासाठी खोटं. तिसऱ्यांदा बोलायला लावू नको, बाई. माझंही वय झालं, मलाही त्याच्यापुढं उभं राहायचं शे."

मी पिशवीतून फोन काढला. टाचणात हे नव्हतं. विचार करत बसले असते तर लावलाच नसता, म्हणून तिथंच, खाटेच्या कडेला बसून, पाळकबाईंचा नंबर लावला. त्यांनी दुसऱ्याच रिंगला उचलला आणि विचारलं की या गुरुवारी बोध कशावर आहे. मी म्हटलं, मी धुळ्याला बहिणीकडे आहे. त्यांनी देवाची स्तुती केली. शेवटी त्या बाईचं मन द्रवलं तर, म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "तिने मला कळवलं होतं. अकरा वेळा फोन केला होता. मी घरीच होते. मुद्दाम उचलला नाही. सहा वर्षं मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत आले. हे तुम्ही मंडळीला सांगा, नाही तर रविवारी मी उभी राहून सांगते."

पलीकडे काहीच आवाज नाही. मी हॅलो म्हटलं, परत म्हटलं. फोन कापला नव्हता, त्यांचा श्वास ऐकू येत होता. यापुढं गुरुवारी माझ्याकडे कोण येईल, अंगणात माझ्याजवळ कोण उभं राहील, हे सगळं त्या शांततेत मला दिसलं आणि माझा हात खाली आला.

बहिणीनं तो फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला.

"पाळकबाई, मी तिची थोरली बहीण बोलते," ती म्हणाली. "ती सांगते ते बठ्ठं खरं शे. आणि ती माझी शे."